परसात नवीन झाड लावताय? आधी त्याची ओळख करून घ्या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. जवळच्या एका बंगाली गावातली आजी दोन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन जवळजवळ धावतच आत आली. मागे मुलाची आई, तिच्या हातात एक अर्धवट चावलेलं पान. पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, ओठ आणि जीभ सुजली होती. तो रडत होता, पण आवाज घोगरा निघत होता. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती.

पान मोठं, हिरवं, मधोमध पांढरट ठिपके. ओळखायला वेळ लागला नाही. डिफेनबेकिया. मुलाच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी रोपं विकणाऱ्या गाडीवरून हौसेनं घेतलेलं झाड. घराच्या ओट्यावर, कुंडीत, बरोबर मुलाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेलं.

आजीनं घरी त्याच्या तोंडात चिंच चोळली होती. का, असं विचारलं तर म्हणाली, "डाक्टरबाबू, हा तर कोचूच आहे! तशीच खाज. मी खाजवलं तेव्हा माझ्या हातालाही लागली. झाड घरात आणलं तेव्हा मला कोणी सांगितलंच नाही."

आजीचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. कोचू म्हणजे अळू, आपल्या विदर्भात धोपा. डिफेनबेकिया हे अळूच्याच कुळातलं झाड आहे. मूल रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, थंड दूध दिलं, वेदनाशामक दिलं. श्वासाला त्रास झाला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली आणि तो घरी गेला. पण आजीचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजचा लेख त्या वाक्यावरच आहे. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून या लेखात काही तपशील बदलले आहेत.)

आमच्या परसात काय काय उगवतं

मी मुलचेऱ्यात प्रॅक्टिस करतो. जंगलातला तालुका. एका बाजूला गोंड, माडिया आणि मराठी बोलणाऱ्यांची गावं, दुसऱ्या बाजूला १९६० च्या दशकात आणि त्यानंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसवलेली बंगाली गावं. तेव्हा हा सगळा चंद्रपूर जिल्हाच होता, गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला.

घरामागच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. मराठी घराच्या सांदवाडीत आंबा, पेरू, सीताफळ, पपई, शेवगा. बंगाली घराच्या मागे केळीचा पुंजका, नारळ, कोचू आणि हौशी माणसाकडे कामरांगा किंवा लिचीचं रोप. गेल्या काही वर्षांत त्यात भर पडली ती शोभेच्या झाडांची. रोपांच्या गाड्या गावोगाव येतात, मोबाईलवरून रोपं मागवता येतात, वास्तुपूजेला कुंडी भेट देतात. मनी प्लांट, अग्लोनिमा, कॅलेडियम, स्नेक प्लांट, मॉन्स्टेरा. आणि फळांमध्ये ड्रॅगन फ्रूट, लक्ष्मणफळ, ॲव्होकॅडो.

मला यात वाईट काही वाटत नाही. परदेशी झाड म्हणजे धोका आणि गावठी म्हणजे औषध, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. पपई, पेरू, सीताफळ, चिकू, अननस ही सगळी फळं मुळात अमेरिका खंडातली. गेल्या चारपाचशे वर्षांत ती इथे आली आणि इतकी आपली झाली की ती परकी होती हे सांगावं लागतं. उलट आपल्या ओळखीची कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, चंद्रज्योत, गुंज ही कुंपणावरची झाडं चांगलीच विषारी आहेत. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात येतात.

फरक आहे तो माहितीचा. जुन्या झाडांबरोबर त्यांची माहितीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. धोप्याला चिंच किंवा ताक लागतं, सुरण हाताला तेल लावून चिरावा, सीताफळाची बी डोळ्यात जाऊ द्यायची नाही, बिट्टीला मुलांनी हात लावायचा नाही. हे कोणत्या पुस्तकात वाचलेलं नसतं, आजीकडून ऐकलेलं असतं. नवीन झाड मात्र कुंडीसकट येतं आणि त्याची माहिती त्याच्या मूळ गावीच राहते. माझ्याकडे झाडांमुळे येणारे पेशंट या फटीतून येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अळूचं कुटुंब

आधी त्या मुलाच्या तोंडात नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

अळूच्या कुळातल्या झाडांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी. पान चावलं की पेशी फुटते आणि या सूक्ष्म सुया जिभेत, गालात, घशात घुसतात. झाडाच्या रसातले इतर घटक आग आणि सूज वाढवतात. कच्च्या धोप्यानं घसा खवखवतो तो याच सुयांमुळे. डिफेनबेकियात हा त्रास बराच जास्त होतो. सूज स्वरयंत्राजवळ पोचली तर माणसाचा आवाजच बसतो, म्हणून इंग्रजीत या झाडाला मुकं करणारी काठी या अर्थाचं नाव आहे.

याच कुळातली घरात नेहमी दिसणारी झाडं अशी: मनी प्लांट, अग्लोनिमा, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, पीस लिली. सगळ्यांचा त्रास सारखा नसतो, पण स्वभाव एकच.

मुलानं असं पान चावलं तर काय कराल?

- तोंडातले तुकडे बोटाला ओला स्वच्छ कपडा गुंडाळून काढा. मूल मोठं असेल तर चूळ भरायला लावा.
- थंड दूध, दही किंवा थंड पाणी थोडं थोडं द्या, गिळता येत असेल तरच.
- उलटी करवू नका. ज्यानं खाली जाताना भाजलं, ते वर येताना पुन्हा भाजतं.
- चिंच, लिंबू, मीठ तोंडात चोळू नका. चिंच भाजी शिजवताना ठीक आहे, सुजलेल्या तोंडात ती झोंबते.
- चीक डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि मग डॉक्टरांना दाखवा.
- आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला तर घरी थांबू नका.
- झाडाचं पान किंवा मोबाईलवर त्याचा फोटो सोबत आणा. माझं निम्मं काम तिथेच होतं.

बहुतेक मुलं काही तासांत ते एकदोन दिवसांत बरी होतात. त्यामुळे घाबरून कुंड्या रस्त्यावर फेकण्याचं कारण नाही. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल घरात आहे तोवर ही झाडं त्याच्या हाताबाहेर टांगा. एवढं पुरतं.

कामरांगा आणि किडनी

दुसरी गोष्ट फळाची आहे आणि ती जास्त गंभीर आहे.

साठीच्या पुढचे एक गृहस्थ. पंधरा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन वाढलेलं, किडनीचं काम बरंच कमी झालेलं. डायलिसिस अजून सुरू झालं नव्हतं. त्यांना आदल्या दुपारपासून उचकी लागली होती, थांबतच नव्हती. घरच्यांनी साखर दिली, पाणी दिलं, मागून दचकवून पाहिलं. सकाळी ते असंबद्ध बोलायला लागले तेव्हा माझ्याकडे आणलं.

रक्तातली साखर ठीक होती. ताप नव्हता. काल काय खाल्लं म्हणून विचारत गेलो तेव्हा सून म्हणाली, "घरचा कामरांगा. शुगरला चांगला म्हणून कोणीतरी सांगितलं, तर चारपाच फळांचा रस काढून दिला."

कामरांगा, हिंदीत कमरख, बाजारात स्टार फ्रूट. पाच कंगोऱ्यांचं आंबटगोड फळ, आडवं कापलं तर चांदणी दिसते. निरोगी माणसानं जेवणाबरोबर एखादं खाल्लं तर काही होत नाही. पण त्यात दोन गोष्टी असतात. एक भरपूर ऑक्झलेट आणि दुसरा कॅरँबॉक्सिन नावाचा मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ. हा पदार्थ ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेगळा करून दाखवला. निरोगी किडनी तो बाहेर टाकते. कमजोर किडनीला ते जमत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. सुरुवात बहुतेक वेळा न थांबणाऱ्या उचकीनं होते, मग उलट्या, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूसुद्धा. डायलिसिसवर असलेल्या लोकांना एखाद्या फळानंतरही असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. उपाय एकच, वेळेवर डायलिसिस. आणि इथून डायलिसिस म्हणजे लांबचा प्रवास.

ते वाचले. गाडी वेळेवर मिळाली. परत आल्यावर त्यांनी झाड तोडायला काढलं होतं. मी म्हटलं, तोडू नका, नातवंडांना खाऊ द्या, तुम्ही खाऊ नका.

निरोगी माणसांनीही लक्षात ठेवावं की उपाशीपोटी कामरांग्याचा ग्लासभर रस ही चांगली कल्पना नाही. अशा रसातल्या ऑक्झलेटमुळे चांगल्या किडनीलाही इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. फळ खाणं आणि फळाचा रस औषधासारखा पिणं यात फार अंतर आहे. किडनीच्या पेशंटना नारळपाणी, केळी यांतलं पोटॅशियमही जड जाऊ शकतं. म्हणून "घरचंच आहे, नैसर्गिक आहे" हे वाक्य किडनीच्या पेशंटला कधीही पुरेसं समजू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

लिची आणि उपाशी पोट

परसात लिची लावणाऱ्यांनी बिहारमधलं मुझफ्फरपूर माहीत करून घ्यायला हवं. तिथे लिचीच्या हंगामात लहान मुलांना पहाटे अचानक झटके यायचे, शुद्ध हरपायची. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दोन रुग्णालयांत अशी ३९० मुलं दाखल झाली आणि त्यातली १२२ दगावली. भारतीय आणि अमेरिकन तज्ज्ञांनी मिळून तपास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी मुलांनी आदल्या दिवसभरात लिची खाल्लेली असण्याचं आणि रात्री जेवलेलं नसण्याचं प्रमाण जास्त आढळलं. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, असे घटक असतात की ते शरीराची साखर तयार करण्याची यंत्रणा अडवतात. भरल्या पोटी याचं काही वाटत नाही. कुपोषित मूल रात्री उपाशी झोपलं की पहाटे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

लिची हेच एकमेव कारण आहे का यावर सगळ्या तज्ज्ञांचं एकमत नाही. उन्हाळ्याची काहिली आणि कुपोषण यांचाही वाटा अनेकांनी दाखवला आहे. पण त्यातून निघणाऱ्या सल्ल्यावर वाद नाही. मुलांना कच्ची लिची देऊ नका, लिचीनं पोट भरू देऊ नका आणि रात्री जेवल्याशिवाय झोपवू नका. कुपोषण आमच्या जिल्ह्याला नवीन नाही, त्यामुळे हा सल्ला मला फार जवळचा वाटतो.

वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर ॲकी नावाचं फळ राष्ट्रीय फळ म्हणून मिरवतं. त्यातही याच जातीचं विष असतं. पण तिथल्या माणसाला ठाऊक असतं की फळ झाडावर आपोआप उकललं तरच तोडायचं, आधी नाही. झाड आणि त्याची माहिती एकत्र असली की विषारी फळही घरचं होतं.

झाड लावा, पण त्याला डॉक्टर करू नका

डेंग्यूचा हंगाम आला की पपईच्या पानांचा रस सुरू होतो. सोबत किवी आणि ड्रॅगन फ्रूट, खिशाला न परवडणाऱ्या भावात. प्लेटलेट वाढतात म्हणे.

पपईच्या पानांच्या अर्कानं प्लेटलेट थोड्या लवकर वर आल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यानं जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. मुळात डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यानं दगावत नाही. रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपून रक्तदाब कोसळतो, तो खरा धोका. आणि हे घडतं ताप उतरायच्या सुमारास, जेव्हा घरच्यांना वाटतं की आता बरं वाटतंय. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर ताबडतोब दवाखाना. कडू रस पाजून पेशंटला आणखी उलट्या झाल्या तर आपणच त्याला धोक्याकडे ढकलतो. आणि आमच्या भागात ताप आला की कुठल्याही पानाच्या आधी आशाताईकडून मलेरियाची तपासणी, हे विसरू नका.

लक्ष्मणफळाची गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. एक शेतकरी, वय पन्नासच्या आत. वीस वर्षं खर्रा. गालात पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम. मी तुकडा तपासायला सांगितलं. ते पुन्हा आले सात महिन्यांनी, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, मानेत गाठ. मधल्या काळात कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता की लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा हजारो पटींनी ताकदवान असतं. त्यांनी रोप आणलं, वाढवलं, रोज पानांचा काढा प्यायले. झाड छान वाढलं होतं. जखमही वाढली होती.

लक्ष्मणफळातल्या घटकांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं आहे. बशीत पेशी मारणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. माणसाचा कॅन्सर त्यानं बरा होतो असं दाखवणारा एकही भरवशाचा अभ्यास नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नियमित घेणाऱ्या लोकांमध्ये पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळतो, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. फळात असलेल्या ॲनोनॅसिन या मेंदूला घातक पदार्थावर संशय आहे. कधीमधी एखादं फळ चवीनं खाल्लं तर ठीक. महिनोन्‌महिने रोज काढा नको. आणि तोंडातली जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाही तर कोणत्याही झाडाकडे न जाता डॉक्टरकडे जा. तिथे गमावलेला प्रत्येक महिना परत मिळत नाही.

कुंडीतलं पाणी

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये काचेच्या बाटल्यांत मनी प्लांट होते. हिरवेगार, पेशंट कौतुक करायचे. एके दिवशी डासांच्या सर्वेक्षणासाठी आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं एक बाटली उचलून उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्यापुढे केली. आत अळ्या वळवळत होत्या. बाहेर डेंग्यूवर पोस्टर लावणारा डॉक्टर मी, आणि डेंग्यूचा डास माझ्याच टेबलावर जन्म घेत होता.

आमच्या जंगलातला मलेरियाचा डास ओढे, भातशेती, साचलेले खड्डे यांत वाढतो. त्याचा कुंडीशी फारसा संबंध नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र घरातल्या साध्या, स्वच्छ पाण्याचा शौकीन. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, रिकामी नारळाची कवटी, कापलेल्या बांबूचं खुंट, अननसाच्या कुळातल्या शोभेच्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात साठलेलं पाणी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे बाटली आतून घासायची. ताटल्यांत वाळू भरायची किंवा त्या काढूनच टाकायच्या. मनी प्लांट मातीत लावा, तो काही तक्रार करत नाही.

आणखी एक. दाराला लागून कुंड्यांची दाटी करू नका. तिथे बेडूक आणि उंदीर आसरा घेतात आणि त्यांच्यामागे साप येतो. आमच्याकडे मण्यार रात्री घरात शिरते आणि माणसं जमिनीवर झोपतात, एवढं सांगितलं की पुरे.

हवा शुद्ध करणारी झाडं?

रोपं विकताना सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं वाक्य म्हणजे हे झाड घरातली हवा शुद्ध करतं. याचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो प्रयोग बंद पेटीत केला होता, दारं-खिडक्या असलेल्या घरात नाही. २०१९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेऊन हिशोब मांडला. हवा नुसती खेळती ठेवल्यानं जेवढी स्वच्छ होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे घरात माणसाला उभं राहायला जागा उरणार नाही.

आणि खरं सांगू का? मुलचेऱ्यात घरातल्या हवेचा शत्रू चुलीचा धूर आहे. कधीही विडी न ओढलेल्या बायका दम्यासारखा खोकला घेऊन माझ्याकडे येतात, तो तीस-चाळीस वर्षांच्या चुलीचा हिशोब असतो. स्नेक प्लांटला तो धूर पेलणार नाही. त्याच पैशात सिलिंडर भरा किंवा चुलीवर धुराडं काढा, समोरासमोर खिडक्या ठेवा.

मग झाडं लावायची की नाही?

एवढं वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही तर घाबरवून सोडलंत. मला घाबरवायचं नाही. परसातल्या फळझाडाइतकं स्वस्त टॉनिक मला माहीत नाही. फक्त ते टॉनिक ताटात येऊ द्या.

१०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आपल्या लाडक्या संत्र्यात साधारण ५०. क जीवनसत्त्वामुळे भाजी, डाळ, धान्यातलं लोह अंगी लागतं, म्हणून जेवणाबरोबर पेरूची फोड किंवा लिंबू. रक्त कमी असलेल्या आमच्याकडच्या बायका-मुलींसाठी याची किंमत मोठी आहे. (सिकलसेलच्या पेशंटनी मात्र लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय स्वतःहून घेऊ नयेत. पेरू खुशाल खावा.) पिकलेली पपई आणि आंबा यांतून अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो, तो डोळ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी मोलाचा. शेवग्याचा पाला तर घरात फुकट मिळणारी भाजी.

पपई वर्षाच्या आत फळ देते. बियांपासून लावाल तर तीनचार रोपं लावा, कारण फूल आल्याशिवाय नर-मादी कळत नाही, आणि मातीचा उंचवटा करून लावा, पाणी साचलं की मुळं कुजतात. केळ मोरीच्या सांडपाण्यावर लावा. ती पाणी पिते, डबकं होत नाही आणि डबकं नसलं की हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डासही कमी. मात्र पाणी मुरलं पाहिजे, केळीभोवती साचलं तर उपयोग नाही. शोभेसाठी चार कुंड्या हव्यातच असतील तर जरूर ठेवा. झाडाकडे बघून मन शांत होतं, निवृत्तीनंतर हाताला काम मिळतं, वाकणं-उठणं होतं. हे फायदे खरे आहेत, त्यांना कोणत्या व्हिडिओची गरज नाही.

फक्त नवीन झाड घरात आणताना तीन प्रश्न विचारा:

१. हे माझ्या घरातल्या सगळ्यात लहान मुलानं किंवा गुरा-शेळीनं चावलं तर काय होईल?
२. याचं फळ घरातल्या कोणी खाऊ नये? किडनी, मधुमेह, रोजची औषधं, कोणाला काय आहे?
३. याचं पाणी कुठे साचेल?

उत्तर माहीत नसेल तर विकणाऱ्याला झाडाचं खरं नाव विचारा आणि लिहून ठेवा. "लकी प्लांट" हे नाव नव्हे. नाव कळलं की बाकीचं शोधता येतं, आणि कधी गरज पडलीच तर डॉक्टरलाही मदत होते.

त्या आजीकडे काही दिवसांनी दुसऱ्या कामानं जाणं झालं. डिफेनबेकियाची कुंडी ओट्यावर नव्हती, छपराच्या वाशाला टांगलेली होती. खाली नातू खेळत होता. शेजारची सून कुंडीकडे बघून काहीतरी विचारत होती आणि आजी तिला सांगत होती, सुंदर आहे, पण कोचूचा भाऊ आहे, हात लावलास तर धू.